रुखवताचा मिक्सर

मी आयुष्यभर फोनवर बोलून पोट भरलं आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं ते का केलं असं कुणी विचारायला नको.

फोर्टातल्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. टेबलाटेबलावर थेट नंबर आले तसा टेलिफोनचा बोर्ड काढला आणि बोर्डासोबत मलाही. मग गिरगावातली खोली सोडून आईला घेऊन मीरा रोडला आले, सिल्व्हर पार्कात वन रूम किचन घेतलं. दोन वर्षांत आई गेली. लग्न मी केलं नव्हतं. म्हणजे जमलं नव्हतं, उगाच करारी बाईचा आव कशाला आणू? शेजारपाजार चांगला होता, पण ‘कैसे हो आंटी’च्या पुढे बोलणं सरकायचं नाही. मीही ‘ठीक है’ म्हणून दार लावून घ्यायचे.

अशात आमच्याच बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर दोघा इंजिनियरांनी ऑफिस थाटलं. वस्तूंचे भाव एका ठिकाणी दाखवणारी वेबसाइट. एकच टीव्ही या दुकानात केवढ्याला, त्या दुकानात केवढ्याला, ते लोकांनी घरबसल्या बघायचं आणि स्वस्त असेल तिथे जायचं. फोनवर बोलणारं माणूस हवंय असं कळलं, म्हणून मी खाली विचारायला गेले.

“पण तुम्ही विकणार काय?” मी विचारलं.

“काहीच नाही काकू. आपण फक्त बोट दाखवायचं, की बघा, तिकडे स्वस्त आहे.”

“आणि बोट दाखवायचे पैसे कोण देणार?”

पहिलं वर्षभर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भाव गोळा करायला मी आणि दोन तरुण मुली. काम म्हणजे दुकानादुकानाला फोन करायचे. वेबसाइटवरून बोलतोय म्हटलं की दुकानदार छापील किंमत सांगायचा, नाहीतर फोन आपटायचा. खरा भाव फक्त गिऱ्हाइकाला मिळतो आणि तोही घासाघीस केल्यावर. म्हणून आम्ही गिऱ्हाईक व्हायचो. मुली पोलिसासारख्या ‘लास्ट प्राइस बोलो’ म्हणायच्या आणि ‘दुकान पे आ जाओ’ ऐकून तोंड पाडून बसायच्या. मी मात्र चार दिवसांत तयार झाले. दुकानाची बोहनी व्हायच्या आत भाव विचारायचा नाही, साडेअकरानंतरच फोन करायचा. आधी तब्येतपाणी, मग भाव. आणि मुख्य म्हणजे कारण सांगायचं. नुसतं ‘मिक्सर केवढ्याला’ म्हटलं तर कुणी विचारत नाही, ‘मुलीच्या रुखवतात ठेवायचाय’ म्हटलं की समोरचा आवाज मऊ होतो. माझी मुलगी ही अशी जन्माला आली.

भाईंदरला स्टेशनाजवळ एका मराठी माणसाचं दुकान होतं, मिक्सर, फ्रिज, टीव्ही असलं सगळं. या धंद्यात मराठी माणूस औषधापुरताच मिळायचा. त्याला दर मंगळवारी फोन करायचा असं ठरलेलं. पहिल्यांदा त्याने भाव सांगितला आणि विचारलं, “ताई, मुलगी काय करते?” ऑपरेटरला गप्प राहायची सवय नसते. म्हटलं, “ठाण्याला बँकेत आहे.” दुसऱ्या मंगळवारी म्हणाला, “काय म्हणतेय लेक?” म्हटलं, “काय म्हणणार, डबा अर्धा परत आणते.” तो मनापासून हसला. त्याची लेकही तशीच होती म्हणे, सासरी गेल्यापासून मात्र फोन करून भाज्यांच्या कृती विचारते.

मग ते वाढतच गेलं. मुलगी किडकिडीत होती, भोपळा बघितला की नाक मुरडायची. नवरा मुलगा नाशिकचा. लग्न लागून गेलं असतं तर फोन करायला कारण उरलं नसतं, म्हणून मी ते पुढे ढकलत राहिले. आधी मुलाच्या आजोबांना मारलं, वर्षभर सुतक-वर्षश्राद्ध काढलं. मग मुलाला कंपनीने चेन्नईला धाडलं. दुकानदार म्हणायचा, “काळजी नको ताई, मिक्सर बाजूला काढून ठेवलाय. तुमच्यासाठी भाव तोच.” तो भाव मी इमानदारीत कॉम्प्युटरवर चढवायचे. मंगळवारी फोन करायच्या आधी मी केस विंचरायचे. कोण बघणार होतं? पण विंचरायचे. खरं सांगते, बाकीचे सहा दिवस मी त्या दहा मिनिटांवर काढत होते.

इकडे वेबसाइट फोफावली. लोक आमच्या पानाची प्रिंट काढून दुकानात न्यायला लागले. एका मंगळवारी तो वैतागून म्हणाला, “ताई, काय जमाना आलाय. गिऱ्हाईक कागद घेऊन येतं, यात लिहिलंय तेवढ्यालाच द्या म्हणतं. नफा काढायचा कुठून?” मी म्हटलं, “हो का? भलतंच की.” लाज वाटली, पण फोन करणं काही सोडलं नाही. पुढच्या खेपेला त्याने मिक्सरचा भाव सांगितला, दोन हजार तीनशे सतरा. ऐकलं तसं लिहायची माझी जुनी खोड. लिहून टाकलं.

मग आमच्या दोघा मालकांना बोट दाखवायचे पैसे देणारे सापडले. इंटरनेटवरच माल विकणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. त्या आपली भावाची यादी आपणच पाठवायच्या आणि आमच्या पानावरून कुणी त्यांच्याकडे वळलं की प्रत्येक क्लिकमागे पैसे द्यायच्या. गल्लीतल्या दुकानदाराला कोण विचारतो मग? तो काही क्लिकचे पैसे देत नव्हता. ऑफिस अंधेरीला हललं. मुली आधीच पांगल्या होत्या. मालक मला पेढे देऊन म्हणाले, “काकू, आता भाव आपोआप येतात.” दुसऱ्यांदा यंत्राने माझ्या हातातला फोन काढून घेतला. राग आला तो मंगळवार गेल्याचा, नोकरीचं एवढं नाही.

खूप विचार केला आणि एका मंगळवारी भाईंदरला गेले. म्हटलं, निदान तो मिक्सर तरी घेऊ. इतके दिवस त्याने अडवून ठेवलाय, आपण माणूस आहोत की कोण.

दुकान फोनवर वाटायचं त्यापेक्षा लहान होतं. काउंटरमागे पांढऱ्या मिशांचा माणूस हिशोबाची पेन्सिल कानाला लावून बसलेला. मी म्हटलं, “मिक्सर हवा होता.” आवाज ऐकताच त्याने मान वर केली आणि बघतच राहिला.

“मीरा रोडच्या ताई,” तो म्हणाला. “बसा.”

खुर्ची पुसून दिली. आतून एक खोका आणला. त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, ‘मीरा रोड, रुखवत’. खोक्याचे कोपरे मळले होते.

“एक विचारू?” तो म्हणाला. “ते सतरा रुपये. सतरा कोण लावतं हो? मी मुद्दाम लावले. तुमच्याखेरीज कुणालाच तो भाव सांगितला नव्हता. आठवड्याच्या आत गिऱ्हाईक कागद घेऊन आलं, त्यात सतराच.”

मी मान खाली घातली. “तरीही तुम्ही फोन उचलायचात,” एवढंच तोंडातून निघालं.

“पोटासाठी माणूस काय काय करतो, त्याचं मला काही नाही. दिवसभर इथे भाव विचारणारेच येतात, घरचं कोण बोलतं?” तो खोक्यावरून हात फिरवत होता. मग हळूच म्हणाला, “मुलगी आहे ना पण? ती तरी खरी आहे ना?”

इतक्या अपेक्षेने माझ्याकडे इतक्यात कुणी बघितलं नव्हतं. नाही कसं म्हणायचं?

“आहे,” मी म्हटलं. “पुढच्या महिन्यात लग्न.”

त्याचा चेहरा खुलला. देव्हाऱ्यासमोरचा नारळ उचलून त्याने खोक्यावर ठेवला, कुंकवाचं बोट टेकवलं. “सतरा रुपये सोडा. आणि तिला सांगा, काकांनी दिलाय. लग्न झालं की जोडीने घेऊन या दोघांना, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.”

रिक्षात खोका मांडीवर घेऊन बसले तेव्हा कुठे कळलं, मी काय करून बसले ते. खरं सांगितलं असतं तर तो कदाचित चिडला असता, कदाचित नसताही. पण पुढच्या मंगळवारी, नुसती मी म्हणून, मला त्याला फोन तरी करता आला असता. आता जोडीने न्यायला मुलगी कुठून आणू?

पुढचा मंगळवार आला आणि गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला आणि मिक्सर खोक्यातून काढून चटणी वाटली. एकटीला चार दिवस पुरली.