मैना बघून या

वाघोलीत सोजरबाईंच्या घरामागं भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आहेत. तिथं उतरतात ते बहुतेक कॉलेजात पोरं घालायला आलेले आईबाप. सकाळी काम उरकतं, गाडी रात्रीची असते, मधली दुपार खायला उठते. मग कुणीतरी विचारतंच, "काकू, इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे हो?"

सोजरबाई पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत ओसरीवरून त्यांच्या नवऱ्याचं, आप्पासाहेबांचं उत्तर गेलेलं असायचं.

"वाघेश्वराचं दर्शन घ्या. तुळापूरला जावा, नद्या मिळत्यात तिथं घटकाभर बसा. पन आदी आमच्या पागंत जाऊन मैना बघून या. आप्पानं धाडलंय म्हना, कोन आडवायचं न्हाई."

पाहुणे उत्साहानं निघायचे आणि तासाभरात गोंधळून परत यायचे. आप्पासाहेब सांगत त्या वाटेवर पागा नव्हतीच, उंच इमारती होत्या.

त्या जागी कधी काळी शर्यतीच्या घोड्यांची पैदास व्हायची. आप्पासाहेबांनी उभी हयात तिथं मोतद्दारी केली. खरारा, चारापाणी, अडलेल्या घोडीची सुटका, सगळं त्यांच्या हातचं. मैना अशीच एका अवघड रात्रीची. तिची आई ती उपजताच गेली. आप्पासाहेबांनी शिंगरू बाटलीच्या दुधावर वाढवलं. सोजरबाई तेव्हा बाजरीच्या भाकरीचा कोर घेऊन पागेत जायच्या आणि मैना पदरात तोंड खुपसायची. त्यांना स्वतःचं मूलबाळ झालं नाही. त्याविषयी दोघं कधी बोलले नाहीत. मैनेविषयी मात्र रोज बोलायचे.

मालक वारले, मुलांनी जमीन बिल्डरला दिली. घोडे ट्रकांतून गेले. मैना म्हातारी झाली होती, पुढचा पाय निकामी झाला होता. तिला घेणारा मिळेना. आप्पासाहेब म्हणाले, मी घरी नेतो. मालकाचा थोरला म्हणाला, "आप्पा, एवढं जनावर तुम्ही बांधणार कुठं? त्यापेक्षा डॉक्टर येतील, तिला त्रास होणार नाही." सुई टोचताना ती बिथरू नये म्हणून दावं आप्पासाहेबांनीच धरलं. त्यांच्याखेरीज ती कुणाला जवळ येऊ देत नसे.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "मी हुतो म्हनून उभी ऱ्हायली गं." पुढं ते नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

काही वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वाटा, मग माणसांची नावं. जे जे पुसलं गेलं, त्यात मैनेचं मरणही गेलं. मैना परत आली. सोजरबाईंना वाटलं, असू दे, निदान एवढं तरी सुख.

गेल्या जूनमध्ये लातूरहून अवधूतराव आणि त्यांची मुलगी पूर्णिमा आले. पोरीनं कधी जवळून घोडा पाहिला नव्हता. आप्पासाहेबांचं ऐकून ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. गाडी आहे."

सोजरबाई अवधूतरावांना बाजूला घेऊन खरं सांगेपर्यंत आप्पासाहेब चपला घालून गाडीत बसलेसुद्धा. त्यांचा उजळलेला चेहरा बघून उतरा म्हणायचा धीर होईना. सोजरबाईही शेजारी बसल्या. वाटलं, रस्ता चुकला म्हणू, एक चक्कर मारून परत येऊ.

इमारतींच्या फाटकाशी आप्पासाहेबांनी गाडी थांबवायला लावली. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"मैनेकडं."

"फ्लॅट नंबर?"

आप्पासाहेब उतरले. आत मुलं सायकली चालवत होती. भिंतीलगत एक जुनं कडुलिंबाचं झाड बिल्डरनं शोभेला राखलं होतं. ते सरळ तिथं गेले आणि बुंध्याला हात लावून उभे राहिले. मैनेला शेवटचं बांधलं होतं ते हेच झाड.

मग त्यांचा उजवा हात दावं आवळून धरावा तसा मिटला.

"सोजर," ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी बायकोला नावानं हाक मारली होती. "सोजर, मीच धरली हुती गं तिला."

आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस बुंध्याला कपाळ टेकून, आत्ताच सारं घडल्यासारखा रडला. पूर्णिमाही रडू लागली. "मला माहीत नव्हतं, आजी," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सोजरबाई तिला म्हणाल्या, "तुझं काय चुकलं, बाळा," आणि नवऱ्याचा मिटलेला हात एकेक बोट करून सोडवू लागल्या.

सकाळी आप्पासाहेबांना काही आठवत नव्हतं. झाडही नाही, रडणंही नाही. सोजरबाईंना वाटलं, सुटले. पण त्याबरोबर सोजरबाईंचं नावही पुन्हा बुडालं ते कायमचंच. आता पाहुणे आले की सोजरबाई त्यांना फाटकातच गाठतात आणि सांगतात, "त्यांना हो म्हणा, पण तिकडं जाऊ नका."

परवा खोल्या रिकाम्या होत्या. सोजरबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"पाव्हनं, लांबून आलाय जनू. येळ हाय का?"

सोजरबाईंचा हात थांबला. "हाय की."

"मग मैना बघून या. लई गुनाची हाय. आमच्या मंडळीच्या हातचीच भाकर खाती."

"कुठं असतात तुमची मंडळी?"

त्यांनी घरात डोकावून पाहिलं, बराच वेळ. "आसंल हितंच. पाव्हन्यांचं करत आसंल," ते म्हणाले.

सोजरबाईंनी सूप पुढं ओढलं आणि खाली मान घालून खडे वेचत राहिल्या.