बेगमपुऱ्यातल्या साबणवाल्या खाला

खाला साबण जिभेला लावून बघायच्या. वडी हातात घ्यायच्या, ओढणीनं पुसायच्या, जिभेचं टोक तिला क्षणभर टेकवायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. जीभ चुरचुरली तर वडी परत फळीवर जायची. नाही चुरचुरली तर तोंड धुऊन म्हणायच्या, "झाला." पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला शहारा आला होता. मी गंगापूरकडची, नुकतीच लग्न होऊन शहरात आलेली. साबण चाखून बघणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

आम्ही बेगमपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आमचे हे एस.टी.त नोकरीला. आमची आणि खालांची मागच्या अंगणाची भिंत एकच होती आणि त्या भिंतीला एक दार होतं. घरमालकानं ते बंद ठेवायला सांगितलं होतं, पण पहिल्याच महिन्यात ते उघडलं, ते कायमचंच. त्याला कारण माझे हात. कपडे धुण्याच्या सोड्यानं माझी बोटं उलायची, रक्त यायचं. पीठ मळताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. खालांनी भिंतीपलीकडून मला धुणं धुताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दार वाजवून एक वडी दिली. पिवळसर, ओबडधोबड, कसलाही वास नसलेली. आठ दिवसांत बोटांच्या भेगा मिटायला लागल्या. मी विचारलं, हा साबण मिळतो कुठं? त्या म्हणाल्या, मिळत नाही, करावा लागतो.

त्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. उंच, सडपातळ, डोक्यावरची ओढणी कधी घसरू न देणाऱ्या. घरात दखनी बोलायच्या आणि आमच्याशी मराठी, पण त्यांच्या मराठीतही अर्धे शब्द उर्दूचे असायचे. त्यांचे मालक निजामाच्या राज्यात कचेरीत होते. पोलीस ॲक्शननंतर ती नोकरी गेली. नातेवाईक कुणी हैदराबादला गेले, कुणी त्याहून लांब. मालक मात्र गेले नाहीत. ते दिवसभर ओट्यावर बसून राहायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. घरात एक लहान मुलगी होती, शमीम. त्या दिवसांविषयी खाला फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "सगळे विचारायचे, आता काय होणार. मी म्हटलं, काय व्हायचं ते होईल, कपडे तर मळणारच." शहागंजात एक म्हातारे अत्तार होते, त्यांना साबणाचा हुन्नर येत होता. खालांनी त्यांची शागिर्द होऊन तो शिकून घेतला. मालक पुढं काही वर्षांनी वारले. शमीम शिकली, तिचं लग्न जालन्याला झालं. हे सगळं त्या साबणावर झालं होतं.

मला शिकवायचं त्यांनी कबूल केलं, पण पहिला महिनाभर हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं. तेल तोलायचं, सोडा तोलायचा, पाणीसुद्धा तोलायचं. अंदाज हा शब्द त्यांना खपायचा नाही. बिर्याणीत अंदाज चालतो, साबणात नाही, म्हणायच्या. करडईचं तेल जास्त, खोबरेल त्याच्या निम्म्यानं, वर थोडं एरंडेल. करडईनं साबण मऊ होतो, खोबरेलानं घट्ट होतो आणि फेस येतो, एरंडेलानं तो फेस टिकतो. तेल बदललं की सोड्याचं माप बदलायचं. ती मापं एका वहीत उर्दूत लिहिलेली होती. मला उर्दू वाचता येईना, म्हणून त्यांनी मला ती तोंडपाठ करायला लावली, पाढ्यांसारखी.

सोड्याची त्यांना भीती नव्हती, पण अदब होती. कॉस्टिक सोडा कालवायचा तो अंगणात, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून. तोंडावर फडकं, हातांना जाड मोजे, पायांत चपला. आणि एक नियम, जो त्या मला दर वेळी म्हणायला लावायच्या: "पाण्यात सोडा. सोड्यात पाणी नाय." उलटं केलं की तो उसळून अंगावर येतो. त्यांच्या डाव्या मनगटावर एक पांढरा डाग होता. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकदा उलटं केलं होतं.

मी मात्र महिनाभर थांबले नाही. तिसऱ्या आठवड्यात खाला शमीमकडं जालन्याला गेल्या, तेव्हा मी घरातच करून बघायचं ठरवलं. मापं पाठ होती, नियम पाठ होता. पाण्यात सोडा टाकला. पण पातेलं घेतलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, माझ्या आईनं लग्नात दिलेलं. बघता बघता ते खदखदायला लागलं, काळा फेस वर आला, घुसमटवणारा वास सुटला. मी पळत अंगणात गेले. परत येऊन पाहिलं तर पातेल्याचं बूड चाळणीसारखं झालेलं आणि ओट्याखाली सगळा पसारा. खाला परतल्यावर मी ते पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. माझे हात, तोंड, डोळे नीट पाहिले आणि म्हणाल्या, जर्मन त्याला चालत नाही, तो खातो ते. स्टील घ्यायचं नाहीतर चिनी मातीचं. मग म्हणाल्या, "पहिला साबण सगळ्यांचाच बिघडतो. माझे सात बिघडले. तू एकातच घाबरू नको."

त्यानंतर त्यांनी मला खरंच हाताशी घेतलं. सोड्याचं पाणी निवू द्यायचं, तेल कोमट ठेवायचं, दोन्ही भांड्यांना बाहेरून हात लावला तर सारखंच ऊन लागलं पाहिजे. मग बारीक धारेनं ते पाणी तेलात सोडत लाकडी डावानं ढवळायचं. एकाच बाजूनं, न थांबता. खांदा भरून यायचा. तेल आधी गढूळ व्हायचं, मग कढीसारखं, मग पिठल्यासारखं. डाव उचलून धार सोडली की तिची रेघ वर तशीच राहायची. "लकीर उठली," खाला म्हणायच्या आणि लगेच ते लाकडी खोक्यात ओतायचं. खोक्याला आतून जुनं धोतर लावलेलं असायचं, वरून घोंगडी पांघरायची. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि फळीवर एकमेकींना न चिकटतील अशा मांडायच्या. पहिली नीट जमलेली वडी मी ह्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, खव्यासारखी दिसते. मला फार आनंद झाला होता.

पण खरी परीक्षा तिथून पुढं होती. चाळीस दिवस वडीला हात लावायचा नाही. खाला त्याला साबणाचा चिल्ला म्हणायच्या. त्यांच्यात बाळंतिणीचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. तिला जसं एवढे दिवस कामाला लावायचं नाही, तसंच साबणाला. तेवढ्या दिवसांत त्यातलं पाणी उडतं, उरलासुरला सोडा मरतो, वडी घट्ट आणि मवाळ होते. मला हे ऐकायला गोड वाटायचं, पण थांबायचा धीर नसायचा.

आमच्या गल्लीत कमलताई राहायच्या. त्यांना मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. त्यांनी खालांकडं साबण मागितला तेव्हा खालांचा संपलेला होता. मी म्हटलं, माझ्याकडं आहे. वड्या कापून तेव्हा बाराच दिवस झाले होते. दिसायला त्या छान होत्या, हाताला टणक लागत होत्या. जिभेला लावून बघायचं मला कसंतरी वाटायचं, म्हणून मी तेही केलं नाही. कागदात गुंडाळून दोन वड्या देऊन टाकल्या, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी माझा साबण मागून नेला याचा मला तोरा चढला होता.

दोन दिवसांनी सकाळी कमलताईंच्या सासूबाई खालांच्या दारात उभ्या होत्या. पोरीच्या पाठीवर, मांड्यांवर लाल चट्टे उठले होते. रात्रभर ती रडत होती. गल्लीत साबण म्हणजे खालांचा, दुसऱ्या कुणाचा असणार? त्या तोंडाला येईल ते बोलल्या. तुमच्या हातचं घेतलं हीच चूक झाली, असंही बोलल्या. मी मागच्या दारात उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं, पण मी पुढं झाले नाही. खालांनी ती वडी हातात घेतली. कडा बघितल्या. मी वड्या तारेनं कापत असे, खाला सुरीनं कापत, तेव्हा एका नजरेत त्यांना कळलं असणार. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत गेल्या. पोरीला नुसत्या कोमट पाण्यानं चारदा धुतलं, स्वतः रिक्षा करून कमलताईंबरोबर तिला डॉक्टरांकडं नेलं. चट्टे चार-पाच दिवसांत गेले. पण गल्लीतल्या बायकांनी खालांचा साबण घेणं बंद केलं. पंचवीस वर्षांचं नाव माझ्या दोन वड्यांनी घालवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं जाऊन सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, ठाऊक होतं. मी रडायला लागले, माफी मागायला लागले. तेव्हा त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"माझ्यापुढं रडून काय होणार, शांता? ते लेकरू माझं नाय. ज्या आईनं रात्र काढली तिला जाऊन सांग."

मी म्हटलं, तिथं जायची माझी हिंमत होत नाही. त्यांनी विचारलं, कच्चा साबण द्यायची झाली होती ना?

मी गेले. कमलताई, त्यांच्या सासूबाई, आणखी दोन बायका बसल्या होत्या. सगळ्यांसमोर सांगितलं की साबण माझा होता, बारा दिवसांचा होता, खालांना त्यातलं काही माहीत नव्हतं. कमलताईंनी पोरीला छातीशी धरलं आणि आतल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या सासूबाई खालांकडं गेल्या आणि पुष्कळ वेळ बसल्या. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. हळूहळू बायका पुन्हा यायला लागल्या. कमलताई मात्र माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मला वाटलं होतं, खाला आता शिकवणं थांबवतील. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली आणि तेल तोलायला बसवलं. झालेल्या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुन्हा कधी केला नाही. फक्त वडी कापली की तिच्याशेजारी भिंतीवर कोळशानं तारीख लिहायला मला सांगायला लागल्या.

अशी दहा-बारा वर्षं गेली. माझी मुलं झाली, त्यांच्याच साबणानं न्हाऊन मोठी झाली. खाला थकत गेल्या. एका हिवाळ्यात त्यांचा हात खांद्याच्या वर जाईना. डाव धरवेना. तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, या वेळचा घाणा तूच कर, सगळा. वास नको, रंग नको, खोबरेल जरा जास्त घाल. त्या खाटेवर बसून होत्या. मी तोलत होते, कालवत होते, ढवळत होते, आणि त्या नुसत्या बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी न टोकता मी केलेला तो पहिला घाणा. चाळीस दिवसांनी मी वड्या दाखवायला नेल्या. त्यांनी एक वडी उलटीसुलटी करून पाहिली, उशाशी ठेवली आणि बाकीच्या वाटून टाकायला सांगितल्या. मला वाटलं, अंघोळीला ठेवली असेल.

उन्हाळा लागता लागता त्यांनी अंथरूण धरलं. शमीम जालन्याहून येऊन राहिली. एके दिवशी सकाळी नमाज झाल्यावर खालांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि कूस बदलली, ती शेवटचीच.

मी गेले तेव्हा घरात बायका जमल्या होत्या. मय्यतीला शेवटची अंघोळ घालायची तयारी चालली होती. शमीमनं आईची पेटी उघडली. सगळ्यांत खाली कफनाचं कापड घडी घालून ठेवलेलं होतं, खालांनी स्वतःच आणून ठेवलेलं. त्या घडीत मलमलच्या रुमालात बांधलेली एक वडी होती. पांढरी, तारेनं कापलेली. शमीमनं ती माझ्याकडं बघत बाहेर काढली आणि आत नेऊन दिली.

मी ओसरीवर बसून राहिले. पडद्याआडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं अंघोळ घालणारी बाई हात पुसत बाहेर आली. ती परक्या मोहल्ल्यातली होती, आम्हाला कुणाला ओळखत नव्हती. तिनं शमीमला विचारलं, साबण फार मऊ होता, कुणी केला?

शमीमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अम्मीच्या शागिर्दनं."