मी रजेवर आहे

बायकांच्या ईमेल-गटात मी चोरून शिरलो होतो, आणि रजेवर जाताना ऑफिसच्या मेलला 'मी रजेवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर लावून घरी आलो. चूक एवढीच.

गट चेन्नईतल्या मराठी बायकांचा होता. तो एक निवृत्त शिक्षिका चालवायच्या, मूळच्या तंजावरच्या मराठी. सगळ्या त्यांना टीचरम्मा म्हणत. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या आणि तमिळ येत नाही म्हणून घरात अडकलेल्या मुलींना त्या संगणकावर मराठी टाइप करायला शिकवत, कामं सुचवत. माझी बायको त्यातलीच. पुण्यात शाळेत शिकवायची; टी. नगरच्या भाड्याच्या घरात मात्र दोन वर्षं प्रेशर कुकरशी बोलत होती.

गटात पुरुषांना मज्जाव होता. मी बाईच्या नावाने, पण ऑफिसच्या पत्त्यावरून आत गेलो. नवऱ्यांबद्दल काय बोलतात ते बघायचं होतं. काहीच बोलत नव्हत्या. मला तेही लागलं.

पोंगलच्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीकडून बायकोला भाषांतराची चाचणी मेलवर येणार होती. संध्याकाळपर्यंत सोडवून पाठवायची. जमली तर घरबसल्या काम. तिला धीर द्यायला म्हणून मी सणाला जोडून रजा काढली.

सकाळी कुणीतरी गटावर शुभेच्छा पाठवल्या. माझ्या मेलने गटाला कळवलं, मी रजेवर आहे, आणि खाली ऑफिसच्या सहीतलं माझं खरं नाव. ते उत्तर गटातून मलाही आलं. माझ्या मेलने त्यालाही उत्तर दिलं. मग त्या उत्तरालाही.

"तुझं नाव का येतंय इथे सारखं?" बायको पडद्यासमोरून ओरडली. "तू आमच्या गटात काय करतोयस?"

"ते जरा तांत्रिक आहे..."

"माझी चाचणी कुठाय?"

तेव्हाचे फुकटचे मेलबॉक्स म्हणजे काडेपेट्या. तिचा माझ्या रजेने गच्च भरला होता, नवीन काही आत शिरायला जागाच नव्हती. ती पुसत होती आणि मी येत होतो.

ऑफिसचा मेल फक्त ऑफिसातून उघडायचा. मी बस पकडून शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला, आमच्या कारखान्यात पळालो. वाटेत दर थांब्याला वाटत होतं, आता ती चाचणी आली असेल, आता परत गेली असेल. कारखान्याच्या फाटकाला कुलूप. मोडक्या तमिळमध्ये मी सिक्युरिटीवाल्याला विनवलं, हातसुद्धा जोडले. त्याने रजिस्टर बघून मान हलवली.

"सार, नींग लीव्!"

मी रजेवर आहे, हे त्यालाही कळलं होतं.

कोपऱ्यावरच्या बूथवरून घरी फोन लावत राहिलो. एंगेज. इंटरनेट त्याच लाइनवर. मग फाटकाच्या गजांना धरून ऑफिसच्या बंद खिडकीकडे बघत मी उभा राहिलो. आत माझा मेल सगळ्यांना इमानाने उत्तरं देत असणार. रडू यायचंच बाकी होतं.

घरी पोचलो तेव्हा संगणक बंद होता. बायको फोनपाशी जमिनीवर बसली होती.

"थांबलं?" मी विचारलं.

"टीचरम्मांना फोन केला. त्यांनी तुला गटातून काढून टाकलं. एक मिनिटही लागलं नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मी बस पकडली होती.

"आणि चाचणी?"

"आली होती. जागा नाही म्हणून परत गेली. पुण्याला फोन केला तर म्हणाले, काम दुसऱ्या बाईंना दिलं. आता दोन महिन्यांनी बघू म्हणाले." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "टीचरम्मा विचारत होत्या, हे कोण गृहस्थ, आणि रजेवर आहेत तर इतके कामात कसे."

मी हसलो. ती हसली नाही.

"दोन महिन्यांनी मी स्वतः..." मी सुरू केलं.

"दोन महिन्यांनी तू रजा घेऊ नकोस," ती म्हणाली. "माझं काही भलं व्हावं असं वाटत असेल ना, तर त्या दिवशी ऑफिसला जा."