सतरापर्यंत

जेवण झाल्यावर मी पडवीतल्या बाजेवर आडवा होतो. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं रोज ठरवतो आणि रोज झोपतो. आत सूनबाई भांडी घासते आहे. वरचा पंखा दर फेरीला एकदा खुट्ट वाजतो. मी ते मोजू लागतो. ही सवय जुनी आहे. चाळीस वर्षं गावातल्या मुलांना मी पोहायला शिकवलं ते मोजूनच.

सकाळी दर्शना येऊन गेली, ते डोक्यातून जात नाही. दर्शना तारी ही माझी विद्यार्थिनी, आता पंचवीस वर्षांची आहे. समोरच्या बेटाभोवती समुद्री अभयारण्य आहे. तिथली प्रवाळं बघायला पर्यटक येतात, आणि पाठीला हवेची टाकी बांधून त्यांना खाली नेणाऱ्यांपैकी ती एक. पावसाळ्यात हे काम बंद असतं. परवा हंगाम उघडेल. पहिली होडी सुटण्याआधी समुद्राला नारळ देतात, तो यंदा मी द्यावा असं त्या सगळ्यांनी ठरवलं आहे.

"आमका श्वास धरूक तुमीच शिकवलात, गुरुजी," ती म्हणाली. "मगे नारळ दुसऱ्याच्या हातात कित्याक देवचो?"

"माझा गुडघा होडीत चढत नाही गं."

"उचलून ठेवतंव. वजन काय तुमचा, एका टाकीयेवढा."

मी हसलो आणि संध्याकाळी सांगतो म्हणालो. गुडघा बरा आहे. रोज देवळापर्यंत चालत जातो.

खुट्ट. चौदा. खुट्ट. पंधरा. भांड्यांचा आवाज लांब जातो आणि मग खालून येतो. बाजेच्या सुंभातून पाठीला गारवा लागतो. मी हात खाली सोडतो, तर बोटं ओली होतात. पडवीत पाणी आहे. स्वच्छ आहे, तळाची फरशी दिसते, आणि माझ्या चपला एकमेकींपासून दूर दूर जात आहेत.

चपला शोधत मी वर्गात पोचतो, तेव्हा तास सुरू झालेला असतो.

"गुरुजी, तुमी उशिरा इलात," तिसऱ्या बाकावरून आवाज येतो. "भायर उभे रवा."

मुलं हसतात. मी बघतो तर बाकं रिकामी आहेत. तिसऱ्या बाकावर एकटा लवेश आहे, दर्शनाचा चुलतभाऊ. काळा रबरी पोशाख अंगात, गुडघे त्या लहान बाकात मावत नाहीत म्हणून बाहेर काढलेले. फेब्रुवारीत आम्ही त्याला जाळून आलो. हे मला ठाऊक आहे, आणि तरी उशीर झाल्याची लाज मला आधी वाटते.

"बसू का रे?" मी विचारतो.

"बसा. पण बाकार रेघोट्ये मारू नुकात."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आहे. मी खांद्यावरच्या पंच्याने तो पुसतो. पुसला की पुन्हा येतो. तो मान वर करून मला पुसू देतो, पहिलीत शेंबूड पुसायला द्यायचा तसा.

त्या दिवशी काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तीस फूट खाली एक पर्यटक घाबरला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते ओढतो. त्याने लवेशच्या तोंडातली हवेची नळी खेचून काढली. लवेशने नुकताच टाकीतून छाती भरून श्वास घेतला होता. तोंड मिटून तो सरळ वर आला, होडीच्या काठाला हात लावला, आणि होडीत घेईपर्यंत संपला. पर्यटकाला दुसऱ्या मुलाने वर आणलं. तो दुसऱ्या दिवशी आपल्या गावी गेला.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मी शिक्षक, म्हणून फुग्याचं उदाहरण दिलं. खोल पाण्यात भरलेला फुगा वर आणला तर वाटेत मोठा होत जातो, कारण वरच्या पाण्याचा दाब कमी होत जातो. छातीचंही तसंच. टाकीतली हवा खाली घेतली असेल तर वर येताना ती सोडत यायची. अडवली, तर फुफ्फुस फाटतं. "श्वास सोडत आला असता तर राहिला असता," डॉक्टर म्हणाले. "टाकी बांधून उतरायच्या शिबिरात पहिल्या दिवशी शिकवतात हे. कसा विसरला कोण जाणे."

तो विसरला नव्हता. त्याला दुसरं काही आधी शिकवलेलं होतं, आणि ते मी शिकवलं होतं.

आमच्या गावात जाळं खडपाला अडकलं की कोणीतरी बुडी मारून सोडवतं. वरचा श्वास घेऊन खाली जायचं, तोच घेऊन वर यायचं. त्यात धोका नाही. वरून नेलेली हवा परत वर येऊन होती तेवढीच होते. म्हणून गावातलं पोर सात वर्षांचं झालं की देवळाच्या तळीवर माझ्याकडे यायचं. मी पायरीवर काठी आपटून मोजायचो. तोंड मीट, नाक धर, घाबरलास तर आणखी घट्ट मीट. जो तोंड उघडेल त्याला मी पुन्हा पाण्यात पाठवायचो. लवेश शंभराच्या पुढे जायचा.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. कोणी मला बोल लावला नाही. त्याची आई अजून सुके बांगडे पाठवते.

"काय इचार करतास?" लवेश विचारतो.

फळ्यावर खडूने काही लिहिलं आहे, पण फळा ओला होत जातो आणि अक्षरं खाली उतरतात. खिडकीतून एक पिवळा मासा येतो, माझ्या टेबलावरून जातो, दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडतो. त्याच्याकडे पाहत मी तळीच्या पायऱ्या उतरत असतो. तळीला नऊ पायऱ्या. आज संपत नाहीत. शेवाळाच्या जागी प्रवाळ आहे, काही पांढरं पडलेलं, मेलेलं. लवेश दोन पायऱ्या पुढे आहे.

"सांभाळून," तो म्हणतो. "तुमचो गुडघो दुखता मा?"

"दुखत नाही."

"ठावक आसा माका."

आम्ही तळाशी बसतो. वर फार लांबवर उजेडाचा एक तुकडा हलतो आहे, परातीएवढा. कोणीतरी काठी आपटतं आहे, ठक, ठक, सारख्या अंतराने. मी इथे आहे, मग वर कोण आहे, असं माझ्या मनात येतं, पण मी विचारत नाही. मला दुसरं विचारायचं आहे. सात महिने तेच विचारायचं आहे.

"लवू, खरं सांग. वर येताना काय झालं?"

"मोजी होतंय."

"काय मोजत होतास?"

"तुमचा मोजणा. एक, दोन, तीन. तुमच्याच आवाजात. ती शिबिरातली बाई पण वरडत होती मनात, श्वास सोड, श्वास सोड. पण तिचो आवाज लांब होतो. तुमचो कानाकडे."

"कितीपर्यंत आलास?"

"सतरापर्यंत. सतराक होडी हाताक लागली."

मी त्याचा हात धरायला जातो. रबराचा पोशाख आहे आणि आत काही नाही, नुसतं गार पाणी. तो माझी समजूत काढत नाही. मला वाटलं होतं काढेल. म्हणेल, गुरुजी, तुमचो काय दोष. मी त्या वाक्याची वाट बघतो, आणि ते येत नाही.

"म्हणजे मीच," मी म्हणतो.

"व्हय."

"माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

"माफ करूक इलंय नाय मी," तो म्हणतो. "माका तेचो काय उपेग? बाराजण आसत, गुरुजी."

"कोण बाराजण?"

"तुमच्या तळयेवर शिकले ते. दर्शना, तो मेतरांचो पक्या, सगळे. परवा टाक्ये बांधून उतरतले. सगळ्यांच्या कानात तुमीच बसलास. आणि तुमी गुडघ्याचा कारण सांगून घराकडे बसतलास."

काठी वाजते आहे. ठक. ठक.

"त्यांना शिबिरात शिकवलंय," मी म्हणतो.

"माका पण शिकवलेला. पयलो नंबर होतो माझो."

हे तो फुशारकीने सांगतो, आणि फेस पुन्हा ओठांवर येतो. पंचा माझ्या खांद्यावर नाही. मी हाताने पुसतो.

"उठा," तो म्हणतो. "आता मी शिकवतंय. ही नळी घ्या. वडा श्वास. अजून वडा, कंजूषपणा नको. आता नळी काढतंय. आ करा. आ करीत वर चला, तोंड मिटायचा नाय."

"एवढंच?"

"येवढाच. चला."

मी वर निघतो. आ म्हणतो. तोंडातून बुडबुडे सुटतात, माझ्या आधी वर धावतात. मी पहिलीच्या वर्गात हाच आ शिकवला, पाटीवर हात धरून गिरवून घेतला, सोपं अक्षर आहे. मग माझ्या पायाला काहीतरी लागतं. गवत असेल, दोर असेल. छातीत लक्कन होतं आणि तोंड मिटतं. मी मिटलेलं नाही, ते आपलं आपण मिटतं. कानाशी एक आवाज सुरू होतो, एक, दोन, तीन. तो आवाज माझा आहे. तरुण आहे, खणखणीत आहे, त्याला कशाचीच शंका नाही. मला उघडायचं आहे आणि जबडा उघडत नाही. छाती आतून फुगत जाते, बरगड्या बाजूला सरकतात. चार. पाच. लवेश बाजूने पोहत बघतो आहे.

"बगलात?" तो म्हणतो. "आता सांगा, मी विसरलंय काय?"

मी मान हलवतो. सहा. सात. डोळ्यांपुढे लाल होतं. इथे मला कळतं, की तो आला नाही तर मी असाच वर जाणार, सतरापर्यंत, आणि त्याला यायची काहीच सक्ती नाही.

तो येतो. माझ्या समोर, अगदी जवळ. त्याच्या डोळ्यांत वाळू आहे. एका हाताने तो माझा जबडा दोन्ही बाजूंनी पकडतो, औषध न घेणाऱ्या पोराचा धरतात तसा, आणि दाबतो. आधी हळू. मग हळू नाही. हाडातून कळ जाते आणि तोंड उघडतं.

"आ करा, गुरुजी. कोणी हसणा नाय."

मी ओरडत असतो.

"गुरुजी. ओ गुरुजी. उठा."

पंखा फिरतो आहे. उन्हाची तिरीप बाजेच्या पायापर्यंत आली आहे, म्हणजे चार वाजून गेले. दर्शना माझ्यावर वाकून उभी आहे, मागे दारात सूनबाई, हाताला कपड्यांचा साबण तसाच.

"काय आरडत होतास? रस्त्यापर्यंत आवाज येय होतो, आ, आ करून." ती हसायला लागते आणि मध्येच थांबते. "आणि ह्या काय झाला तोंडाक?"

मी गालाला हात लावतो. दुखतं. सूनबाई आतला छोटा आरसा आणून समोर धरते. उजव्या जबड्यावर एक मोठा निळा ठसा आहे, डाव्या बाजूला चार, ओळीने, वरचा थोडा लांब. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवून बघतो. माझा हात बारीक आहे, ठशांना पुरत नाही.

"नुसते बसून कित्याक ऱ्हवलात, काय झाला ता सांगा," दर्शना म्हणते. "डॉक्टराक बोलवू?"

"खाली बस."

ती बाजेच्या कडेला बसते. बोलताना जबडा कुरकुरतो, पण मी बोलतो.

"वर येताना कधी घाबरलीस, तर काय करतेस?"

"श्वास सोडतंय. शिबिरात शिकवल्यानी तसा."

"परीक्षेतलं उत्तर नको. खरं सांग."

ती तिच्या नखांकडे बघते. पंखा दोनदा खुट्ट वाजतो. सूनबाई आरसा घेऊन आत जात नाही, तिथेच थांबते.

"येकदाच," दर्शना म्हणते. "गेल्या डिसेंबरात. पाण्यात काय दिसाना. आपोआप मिटला."

"आणि मनात?"

"मनात काय?"

"मोजत होतीस?"

ती वर बघते. तिला हे कोणी कधी विचारलेलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि लवेश कसा गेला ते तिने आजवर कधी या बाजूने बघितलं नव्हतं, तेही.

"नवापर्यंत," ती म्हणते. "नवार तोंड उघडला. कसा ता माका पण ठावक नाय." मग हळू आवाजात, "लवू पण मोजी होतो, गुरुजी?"

"हो. माझंच मोजणं. मी शिकवलेलं चुकीचं होतं, त्या टाकीसाठी चुकीचं. सात महिने मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरतात, पण ती ते पुसत नाही, माझ्याकडे बघत राहते, आणि मी नजर काढून घेत नाही. तेवढं तरी मला करायलाच हवं.

"बाकीच्या अकरा जणांना घेऊन ये," मी म्हणतो. "परवा नाही, आत्ता. हे आधी सगळ्यांना सांगतो. मग तळीवर जाऊ. नारळाचं काय करायचं ते त्यानंतर तुम्ही ठरवा."

"तळयेवर काय करतलास?"

"घाबरवणार आहे तुम्हाला. एकेकाला, पाण्यात. तोंड उघडं राहीपर्यंत."

ती उठते. मी तिला थांबवतो. हात पुढे करून तिचा जबडा दोन्ही बाजूंनी धरतो, हलकेच.

"आ कर."

पंचवीस वर्षांची पोर, पडवीत उभी, सूनबाईसमोर, तोंड उघडते.

"मिटू नको," मी म्हणतो. "श्वास सोड. सोडत राहा."