फुंकरराव आणि पेनिसिलिनचा डबा

फुंकरराव फुंकर मारल्याशिवाय कशालाही हात लावत नसत. खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीवर फुंकर, सही करण्याआधी कागदावर फुंकर. गरम चहावर सगळेच मारतात, हे रिकाम्या बशीवरही मारत. साठच्या दशकात पालघरकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि मी ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. फुंकरराव हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर मी त्यांना कंपाउंडरसाहेब म्हणे, आणि ते त्यांना कमीच वाटे. खेड्यातल्या लोकांनी डॉक्टर म्हटलं की ते दुरुस्ती करत नसत.

हा माणूस मला कधीच आवडला नाही. आता ते हयात नाहीत, त्यामुळे असं लिहिताना मन खातं. पण गोड लिहिलं तर जास्त खाईल, कारण त्यांच्याविषयी मला जे वाटत असे ते तुच्छतेखेरीज दुसरं काही नव्हतं आणि त्यातलं बरंचसं अजून शिल्लक आहे.

त्यांच्या ताब्यात पेनिसिलिन पावडरचे डबे होते. कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळायची, मैद्यासारखी बारीक पावडर. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, बोईसरला परप्रांतातले लोक आले, अंड्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि घिवलीपासून कुंभवलीपर्यंत ज्याला त्याला कोंबड्या पाळायची हौस आली. कोंबड्यांपाठोपाठ त्यांचे रोग आले आणि रोगांपाठोपाठ हे डबे. डबे ठेवायच्या खोलीची किल्ली फुंकररावांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती काढत नसत, असं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगे.

आमचे साहेब, म्हणजे गुरांचे डॉक्टर, साताऱ्याकडचे तरुण गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. डबा उघडताना नाकातोंडाला फडकं बांधा. पंखा बंद करा, वाऱ्याकडे तोंड करू नका. आधी बादलीत पाणी घ्या, मग पावडर पाण्याजवळ नेऊन हळूच सोडा, उडू देऊ नका. हात लावू नका, लागला तर धुवा. त्या टेबलावर खायचं नाही. ही पावडर रोज थोडी थोडी अंगात गेली की एखाद्याचं अंग तिच्यावर उलटतं, आणि उलटलं की पुढे याच औषधाची सुई जीव घेऊ शकते. फुंकररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेब गेल्यावर म्हणाले, "साताऱ्याला वारा असतो, म्हणून तिथे उडत असेल." आमच्याकडे जसा वाराच नव्हता. समुद्र हाकेच्या अंतरावर.

त्यांची पद्धत अशी. झाकण उघडून पहिल्यांदा चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटून चव घ्यायची आणि "अस्सल हाय" असा निर्णय द्यायचा. जणू मिठागरावरून मीठ खरेदी करतायत. मग चमचा भरून बोटाने सपाट करायचा. पावडर बादलीत छातीच्या उंचीवरून सोडायची, कारण वरून टाकलं की सगळीकडे सारखं बसतं, हा त्यांचा शोध. शेवटी चमच्याला चिकटलेली फुंकून उडवायची. उडालेला तो पांढरा धूर त्यांच्याच तोंडावर परत यायचा आणि ते त्यातच उभे राहून गिऱ्हाइकाला सल्ला देत. औषध चालू असताना अंडी विकू नका, असं साहेबांनी बजावून सांगितलेलं असे. फुंकरराव दारापर्यंत मागे जाऊन सांगत, "विका बिनधास्त. औषधाचं अंडं, खाणाऱ्याला ताकदच." मग त्याच टेबलावर भाकरी-सुकटीचं फडकं सोडत.

वर्षभरात त्यांचे डोळे सुजायला लागले. डबा उघडला की पापण्या फुगत, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटे, छातीत शिट्टी वाजे. रविवारी सगळं ठीक, सोमवारी पुन्हा सुरू. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं आणि आम्ही हसत होतो. साहेबांनी विचारलं की ते शुद्ध मराठीत उत्तर देत, "काही नाही साहेब, काल बोंबील जरा शिळे होते." कारण उघड होतं. पावडर सोसत नाही असं म्हटलं की साहेब त्याच दिवशी किल्ली काढून घेतील. किल्ली गेली की डॉक्टर म्हणवून घेणं गेलं. मग ते फक्त औषधाच्या बाटल्या धुणारे कंपाउंडर. तेवढ्यासाठी ते श्वास विकत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

एकदा एका म्हशीने त्यांच्या मांडीत शिंग घातलं. म्हैस बिचारी गरीब होती, ते तिच्या कानात फुंकर मारायला गेले होते. जखम चिघळली, ताप चढला, तेव्हा मी त्यांना बैलगाडीत घालून माणसांच्या दवाखान्यात नेलं. वहिनी सोबत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, पेनिसिलिनची सुई भरायला घेतली आणि विचारलं, या औषधाचा पूर्वी कधी त्रास झालाय का.

"छे. आमच्या हाताखालचंच औषध आहे ते," फुंकरराव म्हणाले. "आम्ही तर खातो."

मी म्हणालो, "बाई, हे खोटं बोलतायत. डबा उघडला की यांचे डोळे सुजतात आणि दम लागतो."

फुंकररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली होती. शुद्ध मराठी गळून पडली. "ड्रेसर हाय तो. त्याला काय कलतं? माझ्या किल्लीवर डोला हाय त्याचा."

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. उताऱ्याचं इंजेक्शन जवळ ठेवून त्यांनी पेनिसिलिनचा अगदी पातळ केलेला थेंब त्यांच्या हातावर सुईच्या टोकाने नुसता टोचला. आम्ही बघत असतानाच तिथे गांधी उठली, ती लाल होत कोपराकडे सरकली आणि फुंकरराव श्वासासाठी तोंड उघडू लागले. उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर ते शांत झाले. भरलेली सुई वहिनीसमोर धरून बाई म्हणाल्या, "ही दिली असती तर गाडीतून तुम्ही एकट्याच परत गेला असता."

जखमेवर दुसरं औषध दिलं, ती भरली. किल्ली साहेबांनी काढून घेतली आणि फुंकररावांना बाहेर पावत्या फाडायला बसवलं. पण धोका संपला नव्हता. हा माणूस पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तेच सांगणार होता. गावात त्यांनी सांगायला सुरुवातही केली होती की डॉक्टरीणबाईंची सुई गंजलेली होती.

वहिनी दवाखान्यात माझ्याकडे आली. "भावजी, यांच्या तोंडावर माजा इश्वास नाय," ती म्हणाली. "अंगावर लिवून ठेवायचं. तुमी अक्षरं काडून द्या."

मनोरच्या आठवडे बाजारात एक गोंदणारी बसे. बायकांच्या हातावर तुळस, कपाळावर टिंब, कुणाच्या दंडावर भावाचं नाव. पुरुषाच्या दंडावर औषधाचं नाव गोंदायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली असावी. फुंकररावांना तिथवर कसं आणलं ते वहिनीलाच ठाऊक. मी शाईने अक्षरं काढायला बसलो. "पेनिसिलिन नको" असं लिहिणार, तर वहिनीने थांबवलं.

"आदी नको लिवा. हे मदीच पलून जातील."

बाजारात बघ्यांची गर्दी जमली. कोंबड्या विकायला आलेले डोंगराकडचे लोक उकिडवे बसून बघत होते. सुई लागली तसे फुंकरराव ओरडले. एक म्हातारी त्यांना म्हणाली, माझ्या नातीने पाचव्या वर्षी अख्खी तुळस सोसली. ते दंडावर फुंकर मारत होते, गोंदणारी दर वेळी त्यांचं तोंड बाजूला सारत होती. "नको" पुरं झालं. "पेनिसि" झालं. आणि मग ते खरंच उठून पळाले, बाजारातून थेट सडकेपर्यंत. वहिनीने गोंदणारीची मजुरी दिली आणि म्हणाली, "पुरे. समजंल कुनाला पन."

त्यानंतर उन्हाळ्यातही ते लांब बाह्यांचा सदरा घालू लागले.

तो सदरा कापला गेला बोईसरला. बांधकामाच्या खडीचा ट्रक वळताना त्यांना धक्का लागला आणि ते बेशुद्ध पडले. मजुरांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर त्यांना ओळखत नव्हता, वहिनी गावात, मी आमच्या गुरांच्या दवाखान्यात. विचारायला कुणीच नव्हतं आणि उत्तर देणारं तोंड बंद होतं. पाय फाटला होता, त्यामुळे डॉक्टरने पेनिसिलिनचीच सुई भरली. इंजेक्शनसाठी तिथल्या कंपाउंडरने बाही कात्रीने कापली आणि दोघे वाचत उभे राहिले. नको पेनिसि. डॉक्टरने सुई खाली ठेवली.

मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. फुंकरराव उशीला टेकून बसले होते आणि दंड उघडा होता. पलीकडच्या खाटेवर बांधकामावरचा एक बिहारी मजूर पायाला पट्टी बांधून पडला होता. त्याला ते समजावून सांगत होते की आपण मोठे डॉक्टर आहोत, या औषधाचा आपल्याला जन्माचा अनुभव आहे आणि लोकांना शिकवण मिळावी म्हणून आपण स्वतःच्या अंगावर हे लिहवून घेतलं. वहिनी खाली बसून मोसंबं सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुमको क्या नहीं चलता, वो डॉक्टर को बोलना," ते त्याला म्हणाले. "शरमाना नाय. मैं शरमाया क्या?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं. साहेबांनी जे सांगून घसा कोरडा केला होता तेच हा माणूस आपलं म्हणून विकत होता. तेवढ्यात नर्स सुईचा ट्रे घेऊन मजुराजवळ आली. तो कोपरावर उठला.

"बहनजी, रुकिए," तो म्हणाला. "एक सुई से मेरा मुँह सूज गया था. पहले नहीं बताया था."

नर्स ट्रे घेऊन डॉक्टरला विचारायला परत गेली. फुंकररावांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी ऐकायच्या अपेक्षेने. माझ्या जिभेवर बरंच काही होतं. वहिनीने मोसंब्याची एक फोड माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बसा, भावजी."

मी खाटेच्या कडेला बसलो.