वकिलाची घरघर आणि थांबाबघू बाई

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना तबेल्यातले लोक पाठीमागे ‘थांबाबघू बाई’ म्हणत. घोडा लंगडत असो, खात नसो, नाहीतर नुसता भिंतीकडे तोंड करून रुसलेला असो, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘थांबा, बघू.’ आणि मग त्या खरोखरच थांबत. गवताच्या भाऱ्यावर बैठक मारून, हाताची घडी घालून नुसत्या बघत राहत. तेवढ्यात दुसरे डॉक्टर चार तबेले उरकून जेवायला घरी पोचलेले असत. लोकांना झटपट माणूस आवडतो. त्यामुळे बाईंना बोलावणं जायचं ते सगळ्यांनी हात टेकल्यावर.

एका गुरुवारी त्यांच्याकडे घोडेस्वारीच्या शाळेतला मोतद्दार गेला. मोतद्दार म्हणजे घोड्यांचं सगळं बघणारा माणूस. खरारा करायचा, चंदी घालायची, शेण काढायचं, आणि कोणी घोड्याला उगाच ओरडलं तर त्या माणसाशी भांडायचं, हेही त्याने आपल्या कामात धरलेलं. तबेल्यात अकरा घोडे होते, पण त्याचा जीव एका तपकिरी घोड्यावर. त्याचं नाव वकील. दार उघडलं तरी खिंकाळायचं, लावलं तरी खिंकाळायचं, आपलं म्हणणं मांडल्याशिवाय गप्प म्हणून राहायचं नाही, म्हणून वकील.

हा वकील दोन महिने धावताना घरघरत होता. उभा असला की काही नाही, चालला तरी काही नाही. पण पंधरा मिनिटं धावला की श्वासाला करवत लावल्यासारखा आवाज. दोन डॉक्टर येऊन गेले. नाकातून नळी घालून घसा बघितला, रक्त तपासलं, पळवूनही पाहिलं. कहर म्हणजे डॉक्टरांपुढे हा गडी एकदाही घरघरला नाही. शेवटी नळीतून दिसलं की घशातला डावा पडदा उजव्यापेक्षा थोडा आळशी आहे. दुसरं काहीच सापडत नव्हतं, मग तोच गुन्हेगार ठरला. येत्या सोमवारी घशाचं ऑपरेशन करायचं ठरलं. त्यानंतर घोडा कदाचित बिनआवाजाचा धावेल, पण प्यायलेलं पाणी श्वासनळीत जाऊन जन्मभर ठसका लागण्याची भीती होती. शाळा चालवणाऱ्या सरांनी जड हाताने सही केली. मोतद्दाराच्या घशाखाली तेव्हापासून घास उतरत नव्हता.

बाई बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत वहिनींबरोबर राहत. लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर नणंद-भावजय दोघीच उरल्या. वहिनींनी दार उघडलं, मोतद्दाराच्या बुटांना चिकटलेलं गवत पाहिलं आणि आत हाक मारली, “वन्सं, तुमच्या सासरचं माणूस आलंय.” आत बाई कपडे धुण्याच्या मशीनला कान लावून बसल्या होत्या. मशीन रडल्यासारखं करत होतं. दुरुस्तीवाला सोमवारीच आला असता, पण वन्सं थांबा म्हणाल्या आणि चार दिवस कपडे बादलीत भिजत पडलेत, अशी तक्रार वहिनींनी पाहुण्याकडेच करून टाकली. तक्रार करता करता त्याच्यापुढे चहाही ठेवला.

मोतद्दाराने सगळं सांगितलं. बाईंनी घशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आवाज कधीपासून येतो, स्वारी कोण करतं, आणि त्या सुमारास तबेल्यात काय काय बदललं, एवढंच विचारलं. मोतद्दार छातीठोकपणे म्हणाला की काहीही बदललेलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

सर आधी कुरकुरले, दोन डॉक्टरांनंतर तिसरा कशाला म्हणाले, पण मोतद्दाराचं तोंड बघून कबूल झाले. शुक्रवारी बाई आल्या. मोतद्दार पहाटेपासून कामाला लागला होता. वकिलाला दोनदा खरारा केला, खुरांना तेल लावलं, आयाळ विंचरली, आणि कपाटातून स्पर्धेचा साज काढला. नवं खोगीर, पितळी बकलांचा लगाम, नाकावरून जाणारा काळा चकचकीत पट्टा. डॉक्टर येणार म्हटलं की तो हे दर वेळी करी. चार लोकांत जायचं तर माणूस धुतलेले कपडे घालतो, मग घोड्याने काय पाप केलंय, असा त्याचा साधा हिशेब.

शाळेत शिकवणारी ताई वकिलावर बसली. अर्धा तास तिने त्याला मैदानात फिरवलं. घरघर नाही, काही नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. मोतद्दार मनातल्या मनात घोड्याला विनवत होता, अरे बाबा, आता तरी घरघर. बाई गवताच्या भाऱ्यावरून हलल्या नाहीत.

मग उठल्या, घोड्याजवळ गेल्या आणि त्याच्या तोंडावरून सावकाश हात फिरवत खाली आल्या. काळा पट्टा नाकाच्या हाडावर नीट बसला होता. त्याच्या बराच खाली, नाकपुड्यांच्या जरा वर, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात केस घासून गेले होते. तिथे त्यांचा हात थांबला.

“हा पट्टा रोजचा नाही,” त्या म्हणाल्या.

मोतद्दार ओशाळला. रोजचा साज जुना आहे, डॉक्टरांपुढे कसा आणायचा, म्हणाला.

“आणा. मला पेशंटला घरच्या कपड्यांत बघायचंय.”

त्याने तो आणला. त्यातला नाकाचा पट्टा गालावरून ज्या वादीने टांगलेला असतो ती वादी मध्यंतरी तुटली होती, आणि मोतद्दाराने घरी बसून नव्या कातड्याची पट्टी कापून, दुहेरी टाके घालून ती जोडली होती. ही कारागिरी त्याने बाईंना कौतुकाने दाखवलीही. बाईंनी टाके निरखून पाहिले आणि सुरेख आहेत म्हणाल्या. पट्टा घातला, तो जागच्या जागी बसला. ताई पुन्हा निघाली.

पंधराव्या मिनिटाला करवत सुरू झाली. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पण अशा सुटल्या की सर बघतच राहिले. कठड्याच्या कडेने घोड्याबरोबर धावत, त्याचे पुढचे पाय टेकले की त्या कठड्यावर थाप मारत होत्या. दौडणारा घोडा श्वासही पायांच्या तालावर घेतो. पुढचे पाय उचलले की आत, टेकले की बाहेर. करवत दर वेळी दोन थापांच्या मधे वाजत होती. म्हणजे आत जाणारी हवा कुठेतरी अडत होती. घशातही अडत असेल, धापा टाकत बाई म्हणाल्या. थांबा, बघू.

घोडा थांबवला. नाकाचा पट्टा हाडावर नव्हताच. नव्या कातड्याची पट्टी घामाने भिजून लांबली होती, पट्टा घसरून मऊ नाकावर आला होता, आणि धावताना नाकपुड्या फुलायला गेल्या की त्यांनाच आवळत होता. घाम वाळला की कातडं आक्रसणार आणि पट्टा गुपचूप जागेवर जाणार. कोणाला दिसणार कसा? बाईंनी खिशातली सुतळी काढून पट्टा वर बांधला आणि घोडा पळवायला सांगितला. नुसत्या टापा ऐकू आल्या. सुतळी सोडली, करवत आली. पुन्हा बांधली, गेली. असं तीन वेळा केलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. मला विचाराल तर विद्या हीच. नळ्या आणि यंत्रं कोणीही विकत आणील, पण घासलेल्या चार केसांपाशी हात थांबायला वेगळं माणूस लागतं.

“ही वादी कोणी शिवली?” सरांनी विचारलं.

“मी,” मोतद्दार म्हणाला. आवाज केव्हा सुरू झाला ते त्याला आत्ता आठवत होतं. वादी जोडली त्याच आठवड्यात.

सर काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, “कातडं आधी भिजवून, ताणून मग शिवायचं असतं. त्याला माहीत नव्हतं, आता माहीत झालं. आणि सर, हा माझ्या दारात आला नसता तर सोमवारी तुम्ही एक धडधाकट घसा कापला असता.”

सर बाजूला गेले आणि फोन करून सोमवारचं ऑपरेशन रद्द केलं. ताईने वकिलाच्या मानेवर डोकं टेकलं.

बाईंना फाटकापर्यंत सोडायला मोतद्दार गेला. वाटेत त्याचा बांध फुटला. लेकरासारखा सांभाळला आणि मीच त्याच्या नाकाला फास लावला, म्हणाला. दोन महिने तो माझ्याकडे तक्रार करत होता आणि मी त्याला डॉक्टरांपुढे नटवत होतो. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग बॅग दुसऱ्या हातात घेतली.

“नवी डॉक्टर होते तेव्हा मी फार चटपटीत होते,” त्या म्हणाल्या. “एक घोडी होती. अशीच घरघर. मी घशात नळी घातली, डावा पडदा आळशी दिसला, लगेच ऑपरेशन सांगितलं. तिला धावताना एकदाही बघितलं नाही.”

“मग?”

“घरघर होती तशीच राहिली. पाणी मात्र ठसक्याशिवाय परत कधी प्यायली नाही.”

मोतद्दाराने विचारलं, ती किती जगली.

“नऊ वर्षं,” बाई म्हणाल्या. “ओंजळीने घोटघोट दिलं की ठसका कमी लागायचा. मालकांना कुठला एवढा वेळ? मीच जायचे. सकाळ-संध्याकाळ.”