झाकनभर पानी

‘आणखी मागे हो. तुझी सावली पायरीवर पडतेय.’

ह्ये मला म्हननारा वाईतला वकील. त्याच्या नातीला मी समुद्रात पाच दिस जगवलेली. आनि त्यानंच सांगावा धाडून मला बोलावलेलं. मी काय आपनहून त्याच्या दारात गेलो न्हवतो.

मागं झालो. उन्हात. आठ मैल चालत आलेलो. आईनं सदरा धुऊन दिलेला, म्हनली, ‘लेकरू वाचवलंस रं त्यांचं, नारळ देत्याल, पाठीवर हात फिरवत्याल.’ नारळ! येडी माय माजी.

मी जहाजावर टोपास. म्हंजी संडास घासायचं, डेक धुवायचं. रंगूनवर बॉम्ब पडाय लागलं तवा आमचं जहाज तिकडनं आपली मानसं घिऊन येत व्हतं. बायका, पोरं, ट्रंका. वाटंत जहाजालाच बॉम्ब लागला. मानसं पटापटा पान्यात. आमी होडी सोडली आनि हाताला गावंल त्याला वर वढलं. एक बाई पोरीला डोस्क्याच्या वर धरून पाय मारत व्हती. पोर चार वर्साची. आदी पोरीला घेतलं, मग बाईला, मग तिच्या नवऱ्याला. त्याच्या पोटाला लय मार लागलेला. वढताना कुनी कुनाची जात इचारली न्हाई. इचारायच्या तोंडात खारं पानी व्हतं.

होडीत एकोणीस मानसं आनि गोड्या पान्याचं एक बारकं पिंप. आमचा टंडेल, म्हंजी खलाश्यांचा मुकादम, म्हनला, ‘पानी टोपास के हाथ में दो. इसको प्यास की आदत है.’

खरंच बोलला. दुसरा वरनं वतंल तवा प्यायचं, असल्या वस्तीत वाढलेलो मी. बिस्किटाच्या डब्याचं झाकन घेतलं. सकाळी एक झाकन, दुपारी एक, दिस बुडताना एक. कुनालाच ज्यादा न्हाई. पोरगी तहानंनं कळवळायची, तवा माजं दुपारचं झाकन तिच्या तोंडाला लावायचो. म्हनायचो, ‘माजं घे.’ ती मला पानीमामा म्हनाय लागली.

बाईनं गाव इचारलं. मी वाईजवळचं गाव सांगितलं, नाव सांगितलं. ती हरखली. ‘अगंबाई, भाऊ, तुम्ही तर आपल्याकडचे!’

आपल्याकडचे. तिनं पुढं इचारलं न्हाई आनि मी सांगितलं न्हाई. तितं माजं चुकलं. जन्मात पयल्यांदा कुनीतरी मला भाऊ म्हनलं व्हतं, त्ये घालवायचं माज्या जिवावर आलं.

चौथ्या दिशी तिचा नवरा गेला. पाचव्या दिशी एका जहाजानं आमाला उचललं.

आता वकिलाच्या पडवीत पाच-सा मंडळी बसलेली. एक भटजी. दाराआड ती बाई, पांढऱ्या लुगड्यात. वकिलाच्या धाकट्या लेकीचं लगीन ठरलेलं, आनि ह्या बसलेल्या सोयऱ्यांच्या कानावर गेलेलं की वाचून आलेली सून म्हाराच्या हातचं पानी प्यालीया. पोरगी घरात दिसभर पानीमामा पानीमामा करायची, त्यातनं नाव निघालं, गाव निघालं, गावातनं जात निघाली.

वकील पायरीपातुर येऊन बारक्या आवाजात म्हनला, ‘या मंडळींसमोर एवढंच सांगायचं. होडीत एक ब्राह्मण आचारी होता. पाणी त्याने दिलं. तू फक्त वल्ही मारलीस.’

पायरीवर धोतरजोडी ठिवलेली, माज्यासाटी.

‘आणि दुसरं काही बोललास, तर या मायलेकींना गोठ्यात राहावं लागेल. बघ बाबा. तूच वाचवल्यास.’

मी खोटं बोलनार व्हतो. देवाशपथ सांगतो, बोलनारच व्हतो. म्हनलं, आपलं काय जातंय? धा पिढ्या खाली मान घातली, आनि एकदा घालू. पोरगी तरी घरात निजंल. नरड्याला कोरड पडलेली. म्हनलो, ‘आवं, जरा पानी मिळंल का?’

गडी तांब्या घिऊन आला. मी वाकलो, ओंजळ धरली. त्यानं हातभर उंचावरनं धार सोडली. निम्मं ओंजळीत, निम्मं सदऱ्यावर. पडवीतला एकजन हसला, ‘हळू रे, बुडेल तो.’ सगळीच हसली.

तेवढ्यात आतनं पोरगी आली पळत. हातात तिचा चांदीचा पेला, काठोकाठ भरलेला. कुनाला कळायच्या आत पायऱ्या उतरून माज्यासमोर.

‘पाणीमामा, माझं घे.’

आरं देवा! होडीतलं माजंच बोलनं तिनं मला परत दिलं.

वकिलानं तिला दंडाला धरून उचलली. फाडकन मुस्काडात दिली. चार वर्साचं पोर ते. पेला गड्यानं काठीनं ढकलत उकिरड्यापातुर नेला. पोरीला आडावर नेऊन अंगावरच्या कापडासकट तिच्या डोस्क्यावर घागरी वतल्या. एक, दोन, तीन. पोरगी गुदमरली, वरडायची, ‘आई, बुडतेय मी!’ समुद्रात ती असं वरडली न्हवती. आई दाराआडनं हालली न्हाई.

वकील घाम पुसत म्हनला, ‘हं. सांग आता.’

मी ताठ उभा ऱ्हायलो. म्हनलो, ‘पानी मी दिलं. ह्या हातानं.’

भटजीनं बाईला इचारलं. ती खाली बघत बोलली, ‘नाही. यांनी नाही. आचाऱ्याने दिलं.’

भाऊ म्हनलेली व्हती. तिला त्या घरात खायचं व्हतं, मला समजतं. पन समजलं म्हून काळीज जळायचं ऱ्हातंय व्हय?

मग माज्या तोंडाला कुलूप ऱ्हायलं न्हाई. म्हनलो, ‘वकीलसाब, तुमचा ल्योक जाताना पानी पानी करत व्हता. मांडी माजी व्हती. त्याच्या तोंडात शेवटचं पानी म्या म्हारानं घातलं. दोनदा मागून प्याला. आता त्याला कंच्या आडावर धुता?’

आतनं वकिलाच्या म्हाताऱ्या बायकूनं हंबरडा फोडला. वकील खांबाला धरून खाली बसला. मी धोतरजोडी तितंच सोडली आनि निघालो. गड्यांनी येशीपातुर दगडं मारली.

मायलेकींना खरंच गोठ्यात घातलं. लगीन बी मोडलं. माजी आई म्हनली, ‘खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं रं?’ ती पोर गोठ्यात निजली, त्यात माजा बी वाटा हाय. ह्ये मी कुनावर ढकलत न्हाई.

पन त्या दिसापासनं मी ओंजळ धरली न्हाई. कुनाच्याच दारात. तहानंनं मरंन, धरनार न्हाई.

लढाई चालूच हाय. मी परत जहाजावर हाय. पुन्ना एकदा जहाज बुडालं, पुन्ना होडी, पुन्ना बायकापोरं. बुडत्याला वढताना आज बी जात इचारत न्हाई. पोरांना काय न सांगता पाजतो. पन मोठ्या मानसाच्या तोंडाला झाकन लावायच्या आदी थांबतो. म्हनतो, ‘मी म्हार हाय. पानी माज्या हातचं हाय. प्यायचं तर सगळ्यांदेखत म्हना, म्हाराच्या हातचं पितो.’

एक म्हातारा लय येळ गप बसला. मी बी झाकन तसंच धरून ऱ्हायलो. टंडेल वरडला, ‘पिला दे उसको, मर जाएगा.’

मी हात हालवला न्हाई. म्हातारा त्ये बोलला, तवाच दिलं.